शेवटच्या काळात सरांनी, बाईंनी, गुरुजींनी काय शिकवलं? अनुभव लिहा

रेघोटी

परवा लेक शाळेतून धुमसत आली. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर, तरी बाईंनी दोन मार्क कापले. पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "उत्तर शेजाऱ्याचंही बरोबर असतं, पायऱ्या तुझ्या दाखव." वाक्य माझं नाही, आमच्या सरांचं. ते डोक्यात आलं आणि मग रात्रभर सरच आठवत राहिले.

साताऱ्याकडचं एक हायस्कूल. सर बीजगणित-भूमिती शिकवायचे. निवृत्तीनंतर घरी शिकवण्या घेत होते, तेव्हा हातातून खडू निसटायला लागला. मग शर्टाची बटणं लागेनात, मग जीभ जड झाली. मोटर न्यूरॉन डिसीज. यात एकेक करून स्नायू जातात, पण सरांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं आणि डोळे हलत होते. आम्ही जुने विद्यार्थी आळीपाळीने जाऊन बसायचो. काकूंना तेवढीच बाजारहाट करायला उसंत.

बोलणं पार थांबलं तेव्हा कुणीतरी मुळाक्षरांचा तक्ता आणला. आपण एकेका अक्षरावर बोट न्यायचं, हवं ते आलं की सरांनी डोळे मिटायचे. पण 'क'पासून 'ह'पर्यंत जाईतो माणूस दमतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरांनी अक्षरं दिली: र, क, न. आम्ही सगळे "रकन? राकण?" करतोय. काकू म्हणाल्या, "अरे, रकाना!" म्हणजे आधी ओळ सांगायची, मग रकाना. क च ट त प अशा पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. सहावीत य र ल व श, सातवीत ष स ह ळ क्ष. काना-मात्रा ऐकणाऱ्याने लावून घ्यायच्या. दोनदा पापणी, थांबून एकदा, च. सातदा, थांबून तीनदा, ह. चहा. तो सरांसाठी नव्हे हो, त्यांना साधं पाणीही दाट करून द्यावं लागायचं. आलेल्या माणसाला चहा विचारला का, असं काकूंना विचारणं चालायचं.

एकदा आमचा एक वर्गमित्र पलंगाशेजारी बसून, अमेरिकेत नवं औषध निघालंय, सर तुम्ही पुन्हा फळ्यासमोर उभे राहणार, असं काय काय बोलत सुटला. सरांच्या पापण्या सुरू झाल्या. एक-तीन. पाच-एक. पाच-तीन. सात-दोन. आम्ही कागदावर मांडलं: गप बस.

काकू हसता हसता रडायला लागल्या.

श्वासाचे स्नायू थकत चालले तेव्हा डॉक्टरांनी घशाला छिद्र पाडून व्हेंटिलेटर जोडायचा विषय काढला. सरांनी अक्षरं दिली: प, य, र, य. डॉक्टरांना काही बोध होईना. आम्हाला झाला. पायऱ्या. जोडलं तर पुढे क्रमाने काय काय होणार, नाही जोडलं तर काय होणार. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि एकेक सांगत गेले, घरी चोवीस तास माणूस लागेल, नळी साफ करत राहावी लागेल, आजार थांबणार नाही तो नाहीच. सगळं ऐकून घेतल्यावर: चार-पाच, एक-एक. नको.

तेव्हापासून कुठलाही डॉक्टर, वकील, बँकवाला "काळजी करू नका" म्हणाला की मी पायऱ्या विचारते. बहुतेकांना राग येतो.

तुमचेही कुणी असतील. मोठं तत्त्वज्ञान नको, जे घडलं ते लिहा.

बिनसाखर

'गप बस' वाचून ऑफिसात फुटले. शेजारचा विचारतोय काय झालं. काय सांगू त्याला, पाच-तीन सात-दोन?

वडाची_पारंबी

फार सुंदर लिहिलंय रेघोटी. माझ्या आत्याच्या दिरांना हाच आजार होता, तेव्हा असा तक्ता कुणाला सुचला नाही. पुढे आयसीआयसीआयच्या मॅनेजर... सॉरी दुसऱ्या ग्रुपवरचं इथे पेस्ट झालं.

लेझीम

आमचे पीटीचे सर. हार्ट अटॅक, आयसीयू. भेटायला आम्ही आठ-नऊ जण, सगळे पन्नाशीचे ढेरपोटे. सिस्टर म्हणे एका वेळी एकच आत. काचेपलीकडून सरांनी आमचा घोळका पाहिला, ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि आवाज आला, "उंचीप्रमाणे!" आणि आम्ही लागलो की उंचीप्रमाणे, त्या कॉरिडॉरमध्ये. त्यात एक जण आता डीवायएसपी आहे, तो सगळ्यात बुटका म्हणून पहिला. मग सिस्टरनेच हसून एकेकाला आत सोडलं. दोन दिवसांनी गेले. काय शिकलो माहीत नाही, पण रांग लावली की काम लवकर होतं हे खरंय.

बिनसाखर

डीवायएसपी सगळ्यात बुटका 😂 भरतीत उंची मोजत नाहीत का?

लेझीम

मोजतात. आमचे बाकीचे ताडमाड आहेत.

संत्राबर्फी

आमच्या अकोल्याच्या बाई, जीवशास्त्र. बेडूक फाडताना मुली किंचाळल्या की म्हणायच्या, तो बिचारा तुम्हाला शिकवायला आलाय, नमस्कार करा त्याला. ऐंशी पार केल्यावर हृदय थकलं. पायाला सूज, पाणी मोजून, रात्री उशा रचून बसूनच झोपायच्या. देहदानाचा फॉर्म भरून ठेवलेला, नेत्रदानाचा वेगळा. पण बाईंना फॉर्मवर भरवसा नाही. म्हणायच्या, फॉर्म कपाटात असते आन् घरचे रडत असतात.

म्हणून त्यांनी घरात तोंडी परीक्षा सुरू केली. मुलगा, सून, नातू, खाली राहणारे भाडेकरू, भेटायला गेलेले आम्ही. कुणीही खोलीत आलं की, "हं, सांग." पंखा बंद करायचा. पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. डोक्याखाली उशी, डोकं जरा वर. नेत्रपेढीला फोन, सहा तासांच्या आत. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला हाताशी. मग मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाला फोन. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. भाडेकरूचा पोरगा सहावीतला, त्याला पैकीच्या पैकी.

गेल्या त्या रात्री मी तिथंच होतो. मुलगा हमसून रडत होता आणि रडत रडत उठून आधी पंख्याचं बटण बंद केलं त्याने. एप्रिल महिना, अकोल्याचा. घामाच्या धारा लागल्या सगळ्यांना, पण कुणी पंखा लावा म्हटलं नाही. नेत्रपेढीची माणसं अडीच तासांत आली. अर्ध्या तासाचं काम असतं, चेहरा विद्रूप वगैरे होत नाही, मी पाहिलाय म्हणून सांगतो.

मोगरा_गजरा

पंखा का बंद करायचा पण?

संत्राबर्फी

बुब्बुळ वाळते ना हवेने. उशी यासाठी की नंतर रक्त येत नाही फारसं. बाई असत्या तर तुम्हाला दोन मार्क कमी.

मोगरा_गजरा

बरं बाई 🙏 सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मापण आहे. चालतं का?

संत्राबर्फी

चालते. चष्मा, मोतीबिंदू, साखर, बीपी, सगळं चालते. काही संसर्गजन्य आजार अन् रक्ताचा कॅन्सर असला तर घेत नाहीत. फोनवर विचारतात ते सगळं. देहदानाचं जरा कडक असते, पोस्टमॉर्टेम झालं असलं तर सहसा घेत नाहीत.

खर्ज

मिरज. मी गाणं शिकायला जायचो ते बुवा. यकृत गेलं होतं, अंगभर पिवळे. आम्हाला वाटायचं आता काहीतरी ठेवणीतली बंदिश देतील, गुरूने शेवटी द्यायची असते ना तशी. वही घेऊन बसायचो. बुवा म्हणायचे, तानपुरा लाव.

लावला. डोळे मिटलेले, बोलायला त्राण नाही, आणि पुटपुटले, "जोडातली दुसरी तार चढलीय." मणी खाली-वर करून जुळवली. "खर्ज बघ." खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार बघितली. तासभर नुसता तानपुरा छेडत बसलो, एक अक्षर गायलो नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तारेखालचा, झंकार आणणारा जवारीचा दोरा कणभर सरकला तर भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस कूस वळवायचा.

बंदिश काही मिळाली नाही. त्या आठवड्यापर्यंत मी तानपुरा दोन मिनिटांत लावून गायला बसणाऱ्यांतला होतो. आता बायको वैतागते इतका वेळ लागतो.

सातबारा

मिरज म्हटलं की सतारमेकर गल्ली. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ना?

खर्ज

हो, दोघांनाही. भोपळे मात्र पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात. बुवांचा तानपुरा आता माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा जवारी काढायला नेतो, कारागीर बुवांची आठवण काढून पैसे कमी करत नाही 😀

करडईचं_तेल

सगळ्यांचेच सर देवमाणूस कसे काय निघतात?

आमच्या एका मास्तरांनी मला सातवीत वर्गासमोर आडनावावरून काय काय ऐकवलं होतं. पाणी प्यायला वेगळं नव्हतं, पण बाकी सगळं होतं. ते अंथरुणाला खिळले तेव्हा दहावीच्या ग्रुपवर वर्गणी निघाली. मी पाचशे पाठवले. भेटायला गेलो नाही. शिकलो काही नाही. पैसे का दिले ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

रेघोटी

लिहिलंत हे फार बरं केलंत. धागा देवमाणसांचा नाहीच.

चिवडा_जाड_पोह्याचा

ग्रुपवर कुणाला सांगितलंत का कधी हे?

करडईचं_तेल

ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो असतात दादा.

पांढरी_चप्पल

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायच्या कामात, नर्स आहे. ड्यूटी संपवून बसमध्ये लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. शिक्षक पेशंट ओळखू येतात. चार्ट हातात घेऊन आमच्याच चुका काढतात.

एक निवृत्त मुख्याध्यापक होते, हाडांत पसरलेला कॅन्सर. दुखणं दहापैकी किती असं आम्ही विचारतो. ते म्हणायचे साडेसात. सिस्टर, पूर्णांकात बसत नाही. पण मॉर्फिन घेणार नाहीत. व्यसन लागेल, विद्यार्थी काय म्हणतील! पंच्याहत्तरीच्या पुढे, महिनाभराचं आयुष्य, आणि व्यसनाची भीती. शेवटी आमच्या डॉक्टरांनी त्यांच्याच एका विद्यार्थ्याला, जो फार्मसी शिकवतो, समोर बसवलं. त्याने सरांना रीतसर धडा दिला: दुखण्यासाठी ठरल्या मापाने, ठरल्या वेळी घेतलं तर व्यसनाची भीती बाळगायचं कारण नाही, साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची, पोट जड होतं म्हणून सोबत रेचक. सरांनी दोन शंका विचारल्या, समाधान झालं, घेतली. तिसऱ्या दिवशी 'अडीच' म्हणाले आणि शब्दकोडं मागितलं. आपल्याच मुलाकडून शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे माझ्या लक्षात राहिलंय. घरोघरी याचीच तर अडचण असते.

बाकी थोडी माहिती, कारण इथे कुणाला तरी लागेल. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या पेशंटला तिथे पैसे लागत नाहीत. मॉर्फिन मिळणं पूर्वी परवान्यांच्या जंजाळात अडकायचं, २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर ते सोपं झालं, तरी लहान गावांत अजून शोधाशोध करावी लागते. म्हणून दुखणं हाताबाहेर जायची वाट बघू नका, आधीच विचारून ठेवा.

सातबारा

रेघोटींच्या सरांनी व्हेंटिलेटर नको म्हटलं ते चालतं कायद्याने?

पांढरी_चप्पल

शुद्धीवर असलेला पेशंट उपचार नाकारू शकतो. शुद्ध नसली तर काय, यासाठी आधी लिहून ठेवायचं असतं. लिव्हिंग विल. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये मान्य केलं, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून कुणी त्या वाटेला जायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. स्टॉप आला, उतरते.

पाटीपेन्सिल

धाराशिव जिल्हा. भूकंपातलं गाव आमचं, सास्तूरच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. गणपती बुडवून लोक झोपलेले. जास्त लिहित नाही त्यावर, सगळ्यांना माहीतय.

गुरुजी वाचले कारण ते ओसरीवर झोपले होते. नंतर पत्र्याच्या शेडमधी शाळा भरवली त्यांनी. पुनर्वसनात स्लॅबचं घर मिळालं तरी माणूस जन्मात स्लॅबखाली झोपला नाही. आजारी पडले तरी खाट व्हरांड्यातच. किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस नको म्हणले. रक्तात विष साठलं की माणूस बरळतं म्हणतात, तसं झालं. आणि गुरुजी हजेरी घ्यायला लागले. १९९३ सालची चौथी. हजेरीपट मातीत गेलेला, पण सगळी नावं क्रमानं तोंडपाठ.

माझं नाव आलं. हजर म्हणलो. मान हलवून पुढचं नाव घेतलं. ते माझ्या चुलतभावाचं. तो त्या रात्रीच गेला. मी गप. गुरुजी पुन्हा तेच नाव. पुन्हा गप. गुरुजी तिथंच थांबलेले, पुढं जाईनात. शेवटी आतून त्यांची सून म्हणाली, "गैरहजर हाय, मामा." मग पुढचं नाव.

तिला सगळा पट पाठ झाला होता. कुठं हजर म्हणायचं, कुठं गैरहजर.

बिनसाखर

...

वडाची_पारंबी

🙏🙏

फोंडेकर

यानंतर लिहायला संकोच वाटतो, पण आमच्या बाईंची गंमत सांगतो. गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्या सुरुवातीच्या शिक्षिका. त्यांचं स्वतःचं लहानपण पोर्तुगीज राजवटीतलं. शेवटी स्मृतिभ्रंश. मुलं, नातवंडं, कुणी ओळखू येईना. पण मनगटावर नाडी बघायला डॉक्टर आला की पोर्तुगीजमध्ये अंक मोजायच्या, उं, दोईश, त्रेश. रागावायच्या कोकणीत. आणि संध्याकाळी दिवा लागला की परवचा शुद्ध मराठीत, एकही आकडा न चुकता, पावकी-निमकी या पाव-अर्ध्याच्या पाढ्यांसकट. मी समोर बसून चुकीचा पाढा म्हटला तर हातावर चापट बसायची. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. मुद्दाम चुकवायचो.

चिवडा_जाड_पोह्याचा

पावकी निमकी! आमचे आजोबा औटकी पण म्हणायचे. साडेतीनचा पाढा. आता पोरं मोबाइलवर १५ गुणिले ४ करतात.

लेझीम

चिवडाशेठ, १५ चोक किती, न बघता?

चिवडा_जाड_पोह्याचा

साठ. परीक्षा घेऊ नका, बायको बाजूला आहे.

मोगरा_गजरा

जरा विषयांतर. नाशिकला हॉस्पिटलचा पलंग भाड्याने कुठे मिळेल, डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारा? आमच्या शेजारच्या काकांना, तेही शिक्षकच होते, उद्या डिस्चार्ज मिळतोय.

जुनी_मास्तरीण

मी स्वतः निवृत्त शिक्षिका, वय ७४, मराठी आणि समाजशास्त्र. सध्या केमो चालू आहे, त्यामुळे हा धागा दुसऱ्या बाजूने वाचते आहे. विद्यार्थी येतात, आनंदच होतो. पण काही सूचना लिहून ठेवते, जुनी सवय.

फोन करून या. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, त्या दिवसांत आलात तर दारातूनच परत पाठवीन. सर्दी असेल तर अजिबात नको. बारा-बारा जण मिळून येऊ नका, खुर्च्या चार आहेत. फळांच्या करंड्या आणू नका, तोंडाला चव नाही आणि त्या शेवटी कामवालीच्या घरी जातात, तीही कंटाळली आहे सफरचंदांना. व्हिडिओ काढू नका. टोपी घातली आहे हे पाहून डोळे पुसू नका. "बाई तुम्ही फायटर आहात" म्हणू नका, मी कुणाशी कधी भांडले नाही.

मला कोण कुणाशी लग्न करून बसलं, कुणाचा घटस्फोट झाला, कोण दुबईहून परत आलं, ते सांगा. ते कुणीच सांगत नाही. सगळे माझ्याकडून काहीतरी शिकायला आलेले असतात आणि मला मेली करमणूक हवी असते.

आणि श्री. पाटीपेन्सिल, त्या सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

पाटीपेन्सिल

सांगतो बाई. ती अंगणवाडीत हाय आता.

लेझीम

बाई, आमच्या बॅचमध्ये एकाचं तिसरं लग्न झालं परवा. येऊ का?

जुनी_मास्तरीण

गुरुवारनंतर. सविस्तर माहिती घेऊन ये.

करडईचं_तेल

बाई, तुम्ही कधी कुणाला आडनावावरून बोललात का?

जुनी_मास्तरीण

तोंडावर नाही. स्टाफरूममध्ये इतर बोलत तेव्हा चहा पीत ऐकलं आहे, पुष्कळदा. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.

करडईचं_तेल

बरं. तब्येत सांभाळा.

सातबारा

@मोगरा_गजरा, नाशिकला सिव्हिलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत विचारा, बहुतेक जण भाड्याने देतात. त्याला फाउलर बेड म्हणायचं. डिपॉझिट घेतात, पावती जपून ठेवा. गादी मात्र हवेची घ्या, पाठीला जखमा होत नाहीत सहसा. आणि जिना अरुंद असेल तर आधी माप घेऊन जा, आमचा पलंग दोन तास मधल्या वळणावर अडकला होता.

मोगरा_गजरा

धन्यवाद! काका तळमजल्यावरच राहतात. फाउलर लिहून घेतलं.